नमस्काराची चाल

माजी सभापती मोहनराव यांच्या नव्या गाडीत बिघाड आहे आणि तो केवळ गावांच्या हद्दीत होतो, असे त्यांचा ड्रायव्हर नाथा याचे म्हणणे होते. मोकळ्या रस्त्यावर गाडी निमूट चाले. वेस लागली की इंजिनाचा आवाज चढे, काचेमागचा काटा आठशेवरून अडीच हजारांवर जाई, आणि गाडी मात्र बैलगाडीच्या वेगाने पुढे सरके. वेस मागे पडली की सारे पूर्ववत. पाटोद्याच्या मिस्त्रीपासून गावच्या ग्रामसेवकापर्यंत ज्यांनी हे ऐकले, त्यांपैकी एकालाही ते अशक्य वाटले नाही. बाहेर नीट चालणाऱ्या आणि गावात आल्यावर बिघडणाऱ्या पुष्कळ गोष्टी त्यांच्या पाहण्यात होत्या.

नाथा एक्कावन्न वर्षांचा. घर मेंढपाळांचे, बाप भागवत अजूनही पाटोद्याच्या वरच्या माळावर साठ-सत्तर मेंढरे राखतो. नाथाने तरुणपणी कोकरांचा टेम्पो बाजारांना नेला, आणि त्याच टेम्पोवर मोहनरावांनी त्याला हेरले. आठवडी बाजाराच्या ऐन गर्दीतून हा पोरगा टेम्पो न थांबवता, कोणाला धक्का न लावता आणि हॉर्नही न वाजवता बाहेर काढतो, हे त्यांनी चहाच्या टपरीवरून पाहिले होते. कुठे शिकलास, असे त्यांनी विचारले. “मेंढरामागं,” नाथा म्हणाला. कळप हाकलायचा नसतो आणि थांबूही द्यायचा नसतो, एवढेच त्याला सांगायचे होते. मोहनरावांना त्यातून पुष्कळ अधिक कळले. दुसऱ्या दिवसापासून नाथा त्यांच्या डिझेल जीपवर बसला. त्याला आता बावीस वर्षे झाली.

मोहनरावांना, म्हणजे तालुक्याच्या आण्णांना, ड्रायव्हर हवा होता तो एका विशिष्ट वेगासाठी. गावातून जाताना गाडी थांबली तर उतरावे लागते. उतरले की चहा होतो आणि चहाबरोबर अर्ज निघतात. गाडी जोरात नेली तर ‘काच वर करून गेला’ असे महिनाभर ऐकावे लागते. या दोहोंच्या मध्ये एक वेग असतो. त्या वेगाने गाडी गेली, तर पारावरच्या प्रत्येकाला नमस्कार पोहोचतो, प्रत्येकाचा परत येतो, आणि कोणालाही खिशातला कागद काढायला सवड मिळत नाही. या वेगाला नाथा आणि आण्णा आपसांत ‘नमस्काराची चाल’ म्हणत. जीपच्या कोणत्याही गिअरमध्ये ही चाल नव्हती. ती नाथाच्या डाव्या पायात होती. क्लच अर्धा दाबून, अर्धा सोडून, उजव्या पायाने रेस धरून तो जीपला चालणे आणि थांबणे यांच्या मधोमध लोंबकळत ठेवी. क्लचप्लेट दर दीड वर्षाने जळे. आण्णा तिला लोकसंपर्काची झीज समजत. पंचायत समितीची मुदत संपली, निवडणुका आज लागतील, उद्या लागतील म्हणता म्हणता काही वर्षे लांबल्या, आणि पद नसलेल्या माणसाला नमस्काराची गरज अधिक असल्यामुळे नाथाचा डावा पाय पूर्वीपेक्षा जास्त राबू लागला.

अशात जीप थकली आणि आण्णांचा मुलगा रविराज याने बीडहून नवी पेट्रोल गाडी घेतली. ऑटोमॅटिक. शोरूममध्ये गाडीवरचे लाल कापड ओढण्यात आले, पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली देऊन फोटो काढण्यात आला. विक्रेत्याने पाऊण तास आत बसून रविराजला सारी माहिती सांगितली. नाथा तेवढा वेळ बाहेर चाकांखाली लिंबे ठेवून आणि नारळ हातात धरून उभा होता. पूजा झाल्यावर रविराजने त्या पाऊण तासाचा सारांश त्याला दिला.

“नाथाकाका, हिला क्लच न्हाई. ह्यो ब्रेक, ही रेस. बाकी गाडी आपलं आपण बघती.”

नाथाने खाली पाहिले. दोन पेडल होती, आणि त्याला पाय दोन होते. यातून कोणीही काढला असता तोच निष्कर्ष त्याने काढला. डावीकडचे पेडल पुरेसे रुंद होते आणि डाव्या पायाला ते आपलेच वाटले.

पहिल्याच आठवड्यात आवाज सुरू झाला. आण्णांनी नवी गाडी आहे, हळूहळू रुळेल, असे सांगितले. ती रुळली नाही. पाटोद्याच्या मिस्त्रीने बॉनेट उघडले, आत दिसलेल्या काळ्या प्लास्टिकच्या झाकणाकडे काही वेळ पाहिले आणि बॉनेट अदबीने खाली ठेवले. मग काहीतरी केले पाहिजे म्हणून नवाकोरा एअरफिल्टर काढून, झटकून परत बसवला. पेट्रोलचा संशय आला, तेव्हा पंप बदलला. पाटोद्याऐवजी वाट वाकडी करून चौसाळ्याच्या हायवेवर टाकी भरू लागले. ग्रामसेवकाने मोबाइलच्या टॉवरकडे बोट दाखवले. नाथाने टॉवर नसलेल्या दोन गावांतून गाडी नेऊन पाहिली. तिथेही काटा चढला, आणि त्या दोन गावांना टॉवर नसल्याची नवी तक्रार तेवढी आण्णांकडे आली. एसी बंद करून पाहिला. सकाळी पाहिले, दुपारी पाहिले. गाडीतून आता तापल्या लोखंडाचा वासही येऊ लागला होता.

एके दिवशी रविराजने स्वतः गाडी बीडला नेली आणि आणली. मांजरसुंब्याचा घाट चढला, उतरला, गावातूनही आला. काटा कुठे चढला नाही. रविराजची गावातून जाण्याची पद्धत निराळी होती; त्याच्या काचा वर असत आणि धूळ मागे राही.

“आण्णा, गाडीत काईच न्हाई,” त्याने अंगणात उभे राहून, नाथाला ऐकू जाईल अशा बेताने सांगितले. “माणूस जुना झालाय. चौसाळ्याचा रामेश्वर हाय ना, पुण्यात तीन वर्सं असलीच गाडी चालवायचा. त्याला बोलावतो. काकांना मळ्यात विहिरीच्या मोटारीवर ठिवू. सावलीचं काम हाय.”

आण्णा काही बोलले नाहीत. न बोलणे ही त्यांची अर्धी संमती असते, हे नाथा जाणून होता.

नाथाला मळ्याचे भय नव्हते. पण त्याच्या बापाने उभा जन्म आण्णांच्या वाड्याच्या फाटकाबाहेर उभे राहून शेतात खतासाठी मेंढरे बसवण्याचा व्यवहार ठरवला होता, आणि नाथा बावीस वर्षे आण्णांच्या शेजारी, त्याच काचेमागे, त्याच उंचीवर बसत होता. ती सीट हीच त्याची जमीन होती. म्हणून त्याच संध्याकाळी मारुतीसमोरच्या पारावर आप्पारावने छेडले, तेव्हा त्याचा तोल गेला. आप्पाराव हा गावातला निवृत्त पोस्टमन. तीस वर्षे दुसऱ्यांची पत्रे वाटून झाल्यावर आता त्याला स्वतःचे बोलायचे होते.

“काय नाथा, गाडी लई बोंबलती बे तुझी? उपाशी ठिवलीस का काय?”

“गाडीत खोट हाय,” नाथा म्हणाला.

“आन रविराजच्या हातात कावून बोंबलत न्हाई मग? का तिला बी माणूस बघून बोलायची सवय हाय?”

पारावर हशा पिकला. नाथा उभा राहिला.

“आप्पाराव, समद्यांच्या देखत सांगतो. गाडीत खोट हाय. सोमवारी कंपनीचा माणूस येणार हाय बघायला. खोट न्हाई निघाली, तर हा नाथा पुन्यांदा आण्णाच्या ष्टेरिंगला हात लावणार न्हाई.”

हशा थांबला. मारुतीच्या समोर बोललेले असल्यामुळे कोणी ‘असं नको म्हणू’ असेही म्हणाले नाही.

रविवारी आण्णा माळावरच्या एका वस्तीवर सांत्वनाला गेले. तिथे तास-दीड तास जाणार होता. भागवतचा कळप जवळच्याच उतारावर होता. नाथाने गाडी तिकडे वळवली. म्हातारा नेहमीप्रमाणे उभा होता: खांद्यावर घोंगडी, काठीवर भार, उजवा पाय जमिनीवर आणि डाव्याचा तळवा उजव्या गुडघ्याला टेकवलेला. तासाभराने तो पाय बदलत असे. गावातल्या लोकांना ही तपश्चर्या वाटे. भागवतच्या लेखी एक पाय कामावर आणि एक सुट्टीवर, एवढाच त्याचा अर्थ होता.

“आबा, बसता का गाडीत? जरा बोंबलती, ती ऐका.”

भागवत आयुष्यात प्रथमच आण्णांच्या जागेवर बसला. बसण्यापूर्वी त्याने जोडे काढून हातात घेतले. नाथाने माळावरच्या कच्च्या वाटेने नमस्काराची चाल धरली. काटा चढला, इंजिन ओरडू लागले. समोरची मेंढरे बाजूला झाली. भागवतने त्यांच्याकडे पाहिले नाही, काट्याकडे पाहिले नाही. तो खाली पाहत होता. लंगडणाऱ्या मेंढराकडे तोंडासमोरून बघायचे नसते, खाली वाकून पायांकडे बघायचे असते, ही त्याची कामाची रीत होती. अन्य काही पाहण्याची रीत त्याला माहीत नव्हती.

“ह्यो पाय काय करतूय?” त्याने विचारले.

“बिरेकवर हाय.”

“आन ह्यो?”

“ह्यो रेसवर.”

“म्हंजी एक म्हणतूय चल आन एक म्हणतूय थांब.”

“गाडीत तसंच असतंय, आबा.”

“आसंल,” म्हातारा म्हणाला. “पर जनावर बोंबलंल न्हाई तर काय करंल? उचल की ह्यो डावा. सुट्टी दे त्याला.”

बापाला समजावण्यापेक्षा दाखवणे सोपे, म्हणून नाथाने डावा पाय उचलून सीटखाली ओढला. उजवाही रेसवरून काढला. आता गाडी थांबेल आणि बापाला कळेल, अशी त्याची अपेक्षा होती. गाडी थांबली नाही. काटा आठशेवर उतरला, आवाज मिटला, आणि कोणीही काही न करता गाडी आपली आपण पुढे निघाली. वेगाने नव्हे. थांबणेही नव्हे. बावीस वर्षांच्या सवयीमुळे नाथाला वेगाचा आकडा पाहावा लागला नाही. ती नमस्काराची चाल होती, तंतोतंत, आणि त्याच्या पायाच्या चालीपेक्षाही एकसारखी. गाडीचा तो उपजत स्वभाव होता. ब्रेक सोडला की ती तशीच चालते. त्यासाठी कोणाच्या पायात काही असावे लागत नाही.

“हां,” भागवत म्हणाला. “झालं बरं.”

त्याने उतरून जोडे घातले आणि तो कळपाकडे गेला. नाथा गाडीतच बसून राहिला. त्याला आनंद झाला नाही. ज्या एका गोष्टीसाठी आण्णांनी त्याला टपरीवरून हेरले होते, ती गोष्ट आता शोरूममध्ये लाल कापडाखाली झाकून तयार मिळत होती. खोट सापडली होती, आणि ती गाडीत नव्हती. मारुतीसमोर दिलेला शब्द मात्र गाडीतच खोट असल्याचा होता.

वस्तीवरून परतताना त्याने मुद्दाम डावा पाय पुन्हा ब्रेकवर ठेवला. गाडी बोंबलली. आण्णा बाहेर नमस्कार करत होते. बावीस वर्षांत त्यांनी नाथाच्या पायांकडे कधी पाहिले नव्हते. त्या दिवशीही पाहिले नाही.

सोमवारी सकाळी बीडच्या सर्व्हिस सेंटरमधून रोहिणी नावाची इंजिनिअर आली. पंचविशीची, पाठीला बॅग, हातात लॅपटॉप. पारावरची मंडळी निकाल ऐकण्यासाठी आण्णांच्या अंगणात जमली होती आणि ती एकटीच आलेली पाहून आप्पाराव म्हणाला, “सायेब मागून येतेत का?” साहेब मागून येत नाहीत, असे तिने शांतपणे सांगितले आणि स्टेअरिंगखाली एक वायर जोडली.

तासभर ती लॅपटॉप पाहत होती. कोठेही दोषाची नोंद नव्हती. तिने चारही चाकांतून आत टॉर्च मारली, पुढच्या चाकांपाशी जरा जास्त वेळ थांबली, वास घेतला. मग नाथाला विचारले, “काका, नेमकं कधी होतं हे?”

“गावात,” नाथा म्हणाला. ते खोटे नव्हते.

रोहिणीने लॅपटॉप मिटला. “आण्णा, संगणकात काही दिसत नाही. पण तक्रार दोन महिन्यांची आहे आणि ब्रेकपॅड अर्धे झिजलेत, तेव्हा काहीतरी आहे हे नक्की. कधीकधी इंजिनात हवा सोडणारा भाग अडकतो आणि नोंद होत नाही. तो खोलून नवा बसवून बघू. वॉरंटीत आहे. दोष गाडीचाच धरला जाईल.”

अंगणात कुजबुज झाली. आप्पारावने नाथाकडे पाहिले आणि मान हलवली. त्यात थोडी दिलगिरी होती. रविराज मोबाइलकडे पाहू लागला. नाथाला काहीच करायचे नव्हते. भाग बदलला जाणार होता, उद्यापासून तो डावा पाय सीटखाली ठेवणार होता, गाडी गप्प होणार होती, आणि कागदावर खोट गाडीची राहणार होती. शब्द राहत होता, सीट राहत होती. गप्प उभे राहणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते आणि ते त्याला बावीस वर्षांच्या चाकरीत चांगले जमत असे.

रोहिणीने बॉनेट उघडले, काळे झाकण काढले आणि पान्हा हातात घेतला. तेवढ्यात नाथाला एक जुनी गोष्ट आठवली. तो दहा वर्षांचा असताना भागवतने एका लंगड्या मेंढीला डाग दिला होता. विळा लाल करून पाय डागला, मेंढी किंचाळली, आणि दुसऱ्या दिवशी ध्यानात आले की दुखणे दुसऱ्या पायात होते. मेंढी दोन्ही पायांनी लंगडू लागली. बाप दोन दिवस जेवला नव्हता.

“म्याडम, थांबा,” नाथा म्हणाला. “नगा खोलू. चांगलं हाय ते.”

“म्हणजे?”

“खोट माझ्या पायात हाय.”

मग त्याने सगळे सांगितले. डावा कुठे, उजवा कुठे, माळावर बापाने काय विचारले, काल येताना आपण पुन्हा मुद्दाम काय केले, तेही. सांगताना तो आण्णांकडे पाहत नव्हता, रोहिणीच्या हातातल्या पान्ह्याकडे पाहत होता. रोहिणी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “ब्रेकसुद्धा उजव्याच पायानं मारायचा असतो, काका. डाव्याला या गाडीत काही काम नाही. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

रविराज मोबाइल खिशात घालून म्हणाला, “मी सांगितलं होतं. क्लच न्हाई म्हणून.”

“क्लच न्हाई म्हणालता, दादा,” नाथा म्हणाला. “पायाचं काय करायचं ते न्हाई म्हणालता.”

त्याने किल्ली आण्णांच्या समोर ओट्यावर ठेवली आणि अंगणातून बाहेर पडला.

रविराजने फोन केला. रामेश्वर चौसाळ्याहून तासाभरात मोटारसायकलवर आला, पांढरा शर्ट घालून. गाडी कशी चालते ते एकदा सर्वांना दाखवावे, असे ठरले. पुढे आण्णा आणि रामेश्वर, मागे रविराज आणि रोहिणी. गावातून एक फेरी, नमस्काराच्या चालीने. रोहिणीने रामेश्वरला सांगितले, की रेस नको, नुसता ब्रेक सोडा.

नाथा तेव्हा पारावर बसला होता. जायला दुसरी जागा नव्हती. मळ्यात जावे तर कोणी अजून सांगितले नव्हते. पारावर त्याच्याभोवती सात-आठ माणसे होती. निकाल लागला म्हणून ती अंगणातून परत इथे आली होती आणि आता मोबाइलमध्ये डोके घालून किंवा तंबाखू मळत बसली होती. नाथा या पारावरून हजारो वेळा गेला होता, पण गाडी येत असताना पारावर बसण्याची ही पहिलीच वेळ होती.

आण्णांची पांढरी गाडी वाण्याच्या दुकानाच्या वळणावरून आली. ती आली हे नाथाला दिसले. कोणालाही ऐकू आले नाही. चाल बिनचूक होती. त्याने इतकी एकसारखी चाल बाहेरून कधी पाहिली नव्हती. काच खाली होती, आण्णांचा हात कपाळापर्यंत उठलेला होता, आणि चेहऱ्यावर ते ठेवणीतले हसू होते. गाडी पारासमोरून संथपणे सरकत गेली. तंबाखू मळणाऱ्याने तंबाखू मळली. मोबाइलवाल्यांनी मोबाइल पाहिला. आप्पाराव पाठमोरा बसून कोणाला तरी अंगणातला प्रसंग सांगत होता. एकाही माणसाने मान वर केली नाही.

आण्णांचा हात तसाच वर होता. नाथाने उठून दोन्ही हात जोडले.

बावीस वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना कधी नमस्कार केला नव्हता. शेजारी बसणाऱ्यांना त्याची गरज पडत नाही. आण्णांचा हात क्षणभर अडखळला, मग त्याला उत्तरादाखल थोडा आणखी वर गेला. गाडी पुढे गेली.

शाळेपाशी ती वळली आणि परत आली. पुन्हा तेच झाले. या वेळी पारावर एक कुत्रे आडवे झोपले होते ते उठले, पण ते दुसऱ्याच कारणासाठी. आण्णांनी गाडी थांबवायला सांगितली आणि ते स्वतः दार उघडून उतरले. तेव्हा कुठे लोकांनी पाहिले आणि सगळे धडपडून उभे राहिले.

“आण्णा! कधी आलात?”

“दोनदा आलो,” आण्णा म्हणाले.

ते पारावर टेकले. त्यांनी एकेकाचा चेहरा पाहिला. अशा वेळी चहाची ऑर्डर जाते, तशी ती गेली.

“आप्पाराव,” आण्णा म्हणाले, “इथं बसून परवा नाथानं काय शब्द दिलता?”

“गाडीत खोट न्हाई निघाली तर ष्टेरिंगला हात लावणार न्हाई म्हणून. मारुतीसमोर. पण आण्णा, पोरगं खरं बोललं बिचारं, आता—”

“मग ऐका. गाडीत खोट हाय.”

रविराज गाडीतून उतरला. “आण्णा, म्याडमनी आत्ता सांगितलं ना, काई न्हाई म्हणून?”

“म्याडमला गाडीचं कळतं. मला गावाचं कळतं. चाळीस वर्सं मी ह्या रस्त्यानं जातो. मी आलो हे न सांगता कळायला पायजे. ही गाडी आल्याचं कळतच न्हाई. ही खोट न्हाई तर काय हाय? लिहून घ्या, म्याडम.”

रोहिणीने बॅगमधून सर्व्हिस सेंटरचे जॉबकार्ड काढले होते. ती जरा घुटमळली. “आण्णा, कंपनीच्या फॉर्मवर असा रकाना नाही.”

“मग शेरा मारा.”

तिने शेरा मारला. ‘तक्रारीचे स्वरूप: इंजिनाचा आवाज पुरेसा येत नाही.’ त्याच्या वर, दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेची मूळ तक्रार छापलेली होती: इंजिनाचा आवाज जास्त येतो. दोन्हींखाली आण्णांनी एकच सही केली.

“नाथा,” ते म्हणाले. “खोट निघाली. बस जाग्यावर.”

नाथाने मारुतीकडे एकदा पाहिले. तिकडून काही हरकत दिसली नाही. रामेश्वर स्वतःहूनच बाजूला झाला. तो समजूतदार मुलगा होता, आणि एवढ्या हळू गाडी चालवण्याचा त्याला कंटाळाही आला होता. रोहिणी खिडकीपाशी आली आणि तिने हळू आवाजात नाथाला शिकवले: पाराच्या अलीकडे पूर्ण थांबा, उजव्या पायानं. गिअर न्यूट्रलला आणा. हातब्रेक लावा. मग हवं तर दोनदा रेस द्या, पेट्रोल जळेल, बाकी काही बिघडणार नाही. मग पाय ब्रेकवर, गिअर पुढे जायच्या ‘डी’ला, हातब्रेक काढा, आणि ब्रेक सोडा. “आणि हा डावा पाय, काका?”

नाथाने डाव्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली आणि पाय दुमडून मांडीखाली घेतला.

तेव्हापासून मोहनरावांची गाडी प्रत्येक वेशीपाशी थांबते, दोनदा ओरडते आणि मग गप्प होऊन आपल्या स्वभावाने गावातून जाते. लोक मान वर करतात. नमस्कार पोहोचतात, परत येतात. ब्रेकपॅड नवे आहेत आणि अजून झिजलेले नाहीत. पार आला की मात्र नाथाचा डावा पाय मांडीखालून आपोआप सुटतो आणि खाली काहीतरी शोधू लागतो. नाथा समोरची नजर न काढता एका हाताने त्याला उचलतो आणि कळपातून भटकलेले कोकरू परत आणून ठेवावे तसा जागेवर आणून ठेवतो. आण्णा बाहेर नमस्कार करत असतात. पण हल्ली पार मागे पडल्यावर ते एकदा खाली, नाथाच्या पायाकडे पाहून घेतात.